बसच्या डिकीची दारे: दुरुस्ती आणि प्रवासात पक्की बंद राहण्याची व्यवस्था

धागाकर्ता

आमची बस मूळची लांब पल्ल्याची प्रवासी बस असून आता आतून तिचे घर केलेले आहे. सामानाच्या डिक्यांमध्ये बॅटऱ्या, पाण्याची टाकी, अवजारे आणि घडीच्या खुर्च्या असतात. मधल्या डिकीचे दार वरच्या बाजूला पट्टी बिजागरीवर टांगलेले आहे. त्याची लांबी सुमारे दीड मीटर आणि उंची ९० सेंटिमीटर आहे. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि आतून लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा अशी त्याची रचना आहे. मध्यभागी एक मूठ आहे आणि ती फिरवली की दोन दांड्या डावीकडे व उजवीकडे सरकून चौकटीत अडकतात.

गाडीने वेग घेतला की या दाराचा खालचा मागचा कोपरा बोटभर बाहेर येतो आणि खड्ड्यांवर दार खडखडते. उघडे दार पेलून धरणारे गॅसचे शॉकर इतके सुस्त झाले आहेत की उघडलेले दार हळूहळू डोक्यावर येते. खालच्या पाइपला गंजही लागला आहे. बाहेरून कोयंडा बसवून मोठे कुलूप लावावे, की मूठच बदलून जाड कडी घ्यावी, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

पत्रेकाम

कडी आणि कुलूप हा शेवटचा विषय आहे, म्हणून तो सध्या बाजूला ठेवावा. दार एकाच कोपऱ्यातून बाहेर येत असेल तर त्याची कारणे बहुधा तीनच ठिकाणी सापडतात: चौकट तिरकी झालेली असते, बिजागरीची पिन झिजलेली असते, किंवा त्या बाजूची दांडी पुरती पोचत नसते. यातले कोणते कारण खरे आहे हे ठरवल्याशिवाय जाड कडी बसवली, तर ती वाकड्या दाराला जबरदस्तीने ओढून धरील आणि तो सगळा ताण काही दिवसांनी बिजागरीच्या रिव्हेटांवर दिसू लागेल.

पहिली तपासणी चौकटीची करावी. बस सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर आणि एअर सस्पेन्शन असल्यास नेहमीच्या उंचीवर उभी असावी. मुक्कामाच्या ठिकाणी बस समतल करण्यासाठी कोपऱ्यांखाली जॅक लावलेले असतील तर ते आधी काढावेत. बसचा सांगाडा कितीही भक्कम दिसला तरी एका कोपऱ्याला उचलल्यावर तो थोडा पिळला जातो, आणि तो पीळ सर्वांत आधी डिकीच्या चौकटीत उतरतो. जॅकवर उभ्या असलेल्या बसचे दार नीट जुळवले तर रस्त्यावर ते पुन्हा बिघडलेले दिसणार, हे ठरलेलेच आहे. त्यानंतर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. आयताकृती चौकटीत ते समान असले पाहिजेत. फरक बराच असेल तर दोष दारात नसून चौकटीत आहे, आणि मग आतल्या खांबांना तडे गेले आहेत का, जोड सुटले आहेत का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अनेक प्रवासी बसगाड्यांमध्ये डिक्यांमधले उभे खांब आणि तिरके पाइप हे गाडीचे वजन पेलणाऱ्या सांगाड्याचाच भाग असतात. मोठी टाकी आत जावी म्हणून एखादा खांब कापून दोन डिक्यांची एक डिकी केलेली असेल, तर दार कितीही वेळा जुळवले तरी ते जागेवर राहणार नाही. ती दुरुस्ती दाराची नसून सांगाड्याची असते आणि ती त्या कामातल्या माणसाकडूनच करून घ्यावी.

दुसरी तपासणी बिजागरीची. दाराला खालून लाकडी आधार देऊन, मग शॉकर सुटे करून, दार अर्धे उघडे असताना मागचा कोपरा हाताने वर-खाली हलवून पाहावा. पिन आणि तिच्या नळ्यांमध्ये खेळ, म्हणजे ढिलाई, असेल तर तो लगेच हाताला कळतो. पट्टी बिजागरी मधून चांगली आणि टोकांना झिजलेली असणे हे नेहमीचे दृश्य आहे.

रात्रीचा चालक

दांड्यांबद्दल थोडे सांगतो, कारण वरच्या तिन्ही कारणांत ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. मूठ पूर्ण फिरली म्हणजे दोन्ही दांड्या पूर्ण बाहेर आल्या असे आपण समजतो. प्रत्यक्षात मुठीच्या मागच्या चकतीला जोडणारी पिन झिजलेली असते, किंवा दांडी मध्येच किंचित वाकलेली असते, आणि एका बाजूचे टोक चौकटीत जेमतेम टेकते. दार उघडे ठेवून मूठ बंद स्थितीत फिरवावी आणि दोन्ही टोके दाराच्या कडेबाहेर किती येतात ते मोजावे. मग बंद दारावर ती टोके कोठे घासतात हे पाहण्यासाठी टोकांना खडू लावून एकदा दार लावावे. खडूचा डाग खाचेच्या काठावर उमटला तर दांडी आत गेलेलीच नाही.

तुमचे दार दीड मीटर लांब आहे आणि दांड्या बाजूला सरकतात, म्हणजे खालची कड मधोमध कोणीच धरत नाही. जुन्या दाराचा सांगाडा ताठ असताना त्याने काम भागत होते. खालचा पाइप गंजल्यावर ती कड लवचीक होते. माझ्या मते तुमच्या दाराची खरी तक्रार हीच असावी.

हिशेबी

मूळ प्रश्नाला आकड्यांचा आधार द्यावासा वाटतो, म्हणजे कडीवर किती जोर येतो हे स्पष्ट होईल. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाला हवेचा गतिज दाब सुमारे ३७५ पास्कल असतो. दाराचे क्षेत्रफळ १.३५ चौरस मीटर धरले तर त्या पूर्ण दाबाचा जोर ५०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० किलो वजनाइतका होतो. दार नीट बसलेले असताना बाजूच्या पत्र्यावर याचा काही अंशच बाहेर ओढणारा म्हणून लागू होतो. पण पुढची कड उचलली गेली आणि वारा आत शिरू लागला, किंवा बाजूने मोठा ट्रक भरधाव निघून गेला, तर हा जोर झटक्यांनी येतो. खडखडणाऱ्या दारात तो झटका प्रत्येक वेळी खेळाएवढे अंतर धावून कडीवर आदळतो, आणि झिजवण्याचे काम मुख्यतः तेच आदळणे करते.

याहून मोठा जोर आतून येऊ शकतो. वळणावर बसला गुरुत्वाच्या ०.४ पट इतके आडवे त्वरण मिळाले, तर घर्षण न धरता १०० किलोची न बांधलेली बॅटरीपेटी दारावर सुमारे ४०० न्यूटनने रेलते. शिवाय ती आधी सरकत येऊन मग आदळली तर क्षणिक जोर याच्या कितीतरी पट होतो. त्यामुळे सामान धरून ठेवण्याची जबाबदारी दाराकडे देऊच नये. जड वस्तू डिकीच्या तळाला आणि खांबांना बोल्ट किंवा पट्ट्यांनी बांधलेल्या असाव्यात, आणि दार काढून घेतले तरी त्या जागच्या हलणार नाहीत इतक्या पक्क्या असाव्यात.

धागाकर्ता

कर्ण मोजले. फरक नगण्य आहे. खडूची युक्ती मात्र उपयोगी ठरली, कारण मागच्या दांडीचे टोक खाचेच्या काठावरच टेकते आहे. बिजागरीच्या मागच्या टोकाला खेळही आहे. दाराच्या आतील बाजूस आम्ही प्लायवूड आणि त्यावर उष्णतारोधक थर बसवला आहे, हे आधी सांगायचे राहिले. त्याने काही फरक पडतो का?

हिशेबी

पुष्कळ पडतो, आणि तुमचे शॉकर सुस्त होण्याचे अर्धे उत्तर कदाचित त्यातच आहे. दाराचे वजन २० किलो धरू, म्हणजे साधारण २०० न्यूटन. दार पूर्ण उघडून आडवे झाले की त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर असतो, म्हणून दार खाली पाडू पाहणारे आघूर्ण (जोर गुणिले बिजागरीपासूनचे अंतर) ९० न्यूटन-मीटर होते. शॉकरची रेषा त्या स्थितीत बिजागरीपासून काटकोनात १५ सेंटिमीटर दूर असेल, तर दोन्ही शॉकरनी मिळून ६०० न्यूटन, म्हणजे प्रत्येकी ३०० न्यूटन द्यायला हवेत. झीज आणि थंडी यांसाठी पंधरा-वीस टक्के जादा धरून ३५० न्यूटनचा शॉकर योग्य ठरतो. आता प्लायवूड आणि थर मिळून पाच किलो वाढले, तर गरज थेट पावपट वाढून प्रत्येकी ३७५ न्यूटनवर जाते आणि मूळचे शॉकर नवे असले तरी पुरे पडत नाहीत. दार सुटे करून काट्यावर तोलावे, अंतरे टेपने मोजावीत आणि आपल्या मापांनी हा हिशेब पुन्हा करावा. जुन्या शॉकरवरचा आकडा पाहून तसाच नवा आणणे हे अंतर्गत सजावट केलेल्या बसला लागू पडत नाही.

थंडीचा उल्लेख सहज केलेला नाही. शॉकरच्या आतल्या नायट्रोजनचा दाब तापमानाबरोबर बदलतो आणि दर १० अंशांना साधारण साडेतीन टक्के कमी-जास्त होतो. दुपारी टिकणारे दार पहाटे खाली येते ते याच कारणाने.

तसेच एक शॉकर निकामी झाला तर दुसरा एकटा दार पेलू शकत नाही, हे वरच्या आकड्यांवरून उघड आहे. म्हणून डिकीत वाकून काम करताना दाराला स्वतंत्र टेकू हवाच. दाराला कायमची जोडलेली, घडी होणारी आणि खाचेत बसणारी सळई सर्वांत चांगली, कारण सुटी काठी नेमक्या वेळी सापडत नाही.

पत्रेकाम

शॉकरबद्दल दोन गोष्टींची भर घालतो. दार बंद असताना शॉकरची दांडी खाली आणि त्याची नळी वर असावी, म्हणजे आतले तेल सीलवर राहते आणि ते लवकर कोरडे पडत नाही. उलट्या बसवलेल्या शॉकरची गळती मी वारंवार पाहिली आहे. दुसरी गोष्ट अशी, की शॉकरचे टोक अर्धा-एक इंच सरकले तरी बंद स्थितीतले त्याचे वागणे बदलते. शॉकरची रेषा बिजागरीच्या पिनेच्या कोणत्या बाजूने जाते यावर तो बंद दाराला आत दाबतो की बाहेर ढकलतो हे ठरते. कडी सोडून, दार हाताने धरून ठेवून ते कोणत्या दिशेला जाऊ पाहते हे अनुभवावे. दार बाहेर उसळत असेल तर जोरदार शॉकर बसवून आपण प्रवासभर कडीवरचा ताण वाढवणार आहोत. ब्रॅकेट असे सरकवावे की शेवटच्या थोड्या अंतरात शॉकर दार आतच ओढील. निकामी शॉकरला छिद्र पाडू नये किंवा तो तापवू नये, कारण दार पेलण्याचा जोर गेला तरी आत बराच दाब उरलेला असतो.

आता गंजाकडे वळू. बाहेरून पाइपवर पोपडे दिसत असतील तर आतून तो बहुधा चाळणी झालेला असतो. पाणी वरच्या रबरातून झिरपते, पत्र्याच्या आतून खाली उतरते आणि खालच्या पाइपच्या खोबणीत साचते, कारण निचऱ्याची छिद्रे रंगाने, धुळीने किंवा कोणी प्रेमाने भरलेल्या सिलिकॉनने बुजलेली असतात. अशा पाइपवर वरून पट्टी जोडून उपयोग नाही. पत्र्याची खालची दुमड उघडून, निरोगी धातू लागेपर्यंत पाइप कापून, त्याच मापाचा नवा तुकडा जोडावा. वेल्डिंग शक्यतो दार उतरवून, पत्रा, प्लायवूड आणि थर बाजूला काढून करावे. पॉलियुरेथेन फोम पेटला तर अतिशय विषारी धूर निघतो. चौकटीवरच वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची जोडणी सोडावी, इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांबाबत गाडीच्या उत्पादकाची सूचना पाळावी, वेल्डिंग यंत्राची अर्थची पकड कामाच्या अगदी जवळ लावावी आणि पत्र्याच्या मागे ब्रेकच्या हवेच्या नळ्या, इंधनाची नळी किंवा वायरी नाहीत याची हात घालून खात्री करावी. हवेच्या नळ्या बहुधा नायलॉनच्या असतात आणि त्यांना थोडी आचही पुरते.

लोखंडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा परत बसवताना दोन्ही धातूंचा उघडा स्पर्श होऊ देऊ नये. ओलावा मिळाला की अशा जोडीत अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि रंगाखाली पांढरी भुकटी धरून फुगवटे येतात. पाइपला इपॉक्सी प्रायमर द्यावा, मध्ये रोधक टेप किंवा पॉलियुरेथेन चिकटद्रव्याचा सलग थर द्यावा आणि मगच रिव्हेट मारावेत. स्टेनलेसची नवी पट्टी बिजागरी अ‍ॅल्युमिनियमवर बसवतानाही हाच नियम लागू होतो, किंबहुना तेथे स्टेनलेसचे क्षेत्र मोठे असल्यामुळे अधिक काळजी हवी. सर्व झाल्यावर खालच्या कडेला निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवून पाइपच्या आत मेणाची फवारणी करावी.

नवशिका

आमच्या बसचे दार वर फिरत नाही, ते आधी बाहेर येते आणि मग बसच्या अंगाला समांतर वर सरकते. त्यालाही हेच लागू होते का?

पत्रेकाम

चौकट, गंज आणि रबर यांबाबत होय. फक्त तुमच्याकडे बिजागरीऐवजी दोन्ही बाजूंना बाहू आहेत आणि त्यांच्या सांध्यांतल्या बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) झिजल्या की दार एका बाजूला कलते. दोन्ही बाहूंना जोडणारा आडवा दंड असेल तर त्याचे जोड आधी पाहावेत, कारण तो सैल झाला की दोन्ही बाजू एकाच वेळी हलत नाहीत.

वायरिंगवाला

कोणीच सूचक दिव्याचा विषय काढला नाही. दार वर उघडणारे असले की सुटल्यावर ते शेजारच्या पट्ट्यातून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या उंचीवर येते, आणि चालकाला ते आरशात दिसेलच असे नाही. प्रत्येक दाराला एक स्विच, सर्वांची एक वायर आणि चालकासमोर एक लाल दिवा व बझर, एवढे पुरेसे आहे.

स्विच कोठे बसवायचा हे मात्र विचारपूर्वक ठरवावे. दोन टप्प्यांच्या कडीमध्ये पहिल्या टप्प्यावर दार लागल्यासारखे दिसते, पण दुसरा टप्पा न बसल्यामुळे ते धक्क्याने सुटू शकते. दाराच्या पत्र्याला टेकणारा स्विच अशा वेळी खुशाल ‘बंद’ असे सांगतो. म्हणून स्विचने दार नव्हे तर कडीची जीभ किंवा दांडीचे टोक ओळखले पाहिजे. तुमच्या रचनेत दोन्ही दांड्यांच्या टोकांना चुंबकीय स्विच बसवून ते असे जोडावेत, की एक दांडी जरी कमी पडली तरी दिवा लागेल. चिखल आणि पाण्यामुळे सीलबंद चुंबकीय स्विचच टिकतात. गॅस सिलिंडरच्या डिकीत साधे उघडे स्विच किंवा विजेवरची कुलपे मुळीच नकोत. त्या डिकीला तळाशी हवा जाण्याची जागा असते आणि ती कोणत्याही कारणाने बुजवू नये, कारण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खालूनच बाहेर पडतो.

रात्रीचा चालक

विजेच्या कुलपांचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो: बॅटरीच्याच डिकीला फक्त विजेवर उघडणारे कुलूप लावणारे लोक मी पाहिले आहेत. बॅटरी उतरली की त्यांना बॅटरीपर्यंत पोचता येत नाही. किल्लीने किंवा तारेने हाताने उघडण्याची सोय प्रत्येक दाराला हवी.

मूळ प्रश्नातल्या कोयंड्याबद्दल माझे मत सांगतो. चोरीसाठी तो लावावा, पण प्रवासातली दुसरी कडी म्हणून त्याच्यावर विसंबू नये. कोयंड्यात नेहमी ढिलाई असते, त्यामुळे मूळ कडी सुटली तर दार त्या ढिलाईइतके धावते आणि कोयंड्याचे स्क्रू पत्र्यातून उपटते. लावायचाच असेल तर आरपार बोल्ट घालून आणि मागे जाड पट्टी देऊन लावावा.

पत्रेकाम

येथे मी थोडा असहमत आहे. आरपार बोल्ट आणि मागची पट्टी असलेला कोयंडा दुसरी ओळ म्हणून काहीच नसण्यापेक्षा निश्चित चांगला. तरी मला खालच्या कडेला मधोमध बसणारी, खेचून ताणणारी कडी अधिक पसंत आहे. हुक अडकवून पट्टी खाली दाबली की ती मध्यरेषा ओलांडून स्वतःच बंद राहते, आणि तिला सुरक्षा पिन असते. अशी कडी दार रबरावर दाबून धरते, म्हणून खडखड थांबते आणि आदळण्याने होणारी झीजही थांबते. आपल्या दाराची खालची कड मधोमध मोकळी आहे, तेव्हा नेमके तेथेच तिचे काम आहे. ती मूळ दांड्यांपासून पूर्णपणे स्वतंत्र असावी, म्हणजे मुठीची पिन तुटली तरी दार लटकणार नाही.

धागाकर्ता

बिजागरी, दोन शॉकर, खालचा पाइप आणि खाली एक ताणकडी, असे काम ठरवले आहे. दुरुस्तीला जाईपर्यंत गाडी थोडे अंतर चालवावी लागेल. तोपर्यंत काय करावे? आणि दार बसवल्यावर ते खरोखर नीट बसले हे कसे तपासावे?

रात्रीचा चालक

तोपर्यंत त्या डिकीतले जड सामान काढून दुसरीकडे बांधावे. डिकी आरपार असेल तर दाराच्या सांगाड्यातून रॅचेटची पट्टी घेऊन तळाच्या कड्याला ताणावी आणि समोरच्या बाजूच्या चांगल्या दारातून बाहेर पडावे. दोरी मुठीला बांधू नये, कारण मूठ फिरली की दोरी आपोआप ढिली पडते. चिकटपट्टी आवाज थांबवते, दार धरून ठेवत नाही. वेग कमी ठेवावा आणि थांबल्यावर दर वेळी एक फेरी मारावी.

पत्रेकाम

तपासणी कागदाने करावी. कडेकडेने थोड्या थोड्या अंतरावर कागदाची पट्टी रबर आणि चौकट यांमध्ये ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती सर्वत्र सारख्याच अडखळत निघाली पाहिजे. एखाद्या ठिकाणी सहज सुटली तर तेथे दाब नाही, फाटली तर दाब जास्त आहे. स्ट्रायकर पट्ट्यांची, म्हणजे चौकटीवरच्या ज्या पट्ट्यांत दांड्या अडकतात त्यांची, छिद्रे लांबट ठेवली असतील तर हा दाब बसवणे सोपे जाते, आणि जागा ठरल्यावर बोल्टला लॉक नट लावावा. मग पाण्याची नळी खालपासून सुरू करून हळूहळू वर न्यावी. वरून सुरुवात केली तर पाणी कोठून शिरले हे समजत नाही. जनरेटर किंवा हीटर असलेल्या डिकीत दाराइतकेच लक्ष डिकी आणि राहण्याची जागा यांच्यामधल्या फरशीकडे द्यावे. वायरी व नळ्यांसाठी पाडलेली भोके बंद नसतील तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड तेथूनच वर येतो.

बिजागरी बदलताना एक क्रम पाळावा. आधी दाराला लाकडी फळी आणि जॅकचा आधार द्यावा, त्यानंतर शॉकर सोडावेत. दार बंद स्थितीत चौकटीत चारही बाजूंनी सारखी फट ठेवून पाचरींनी अडकवावे आणि बिजागरी तशीच जागेवर धरून मध्यभागी व दोन्ही टोकांना तात्पुरते बोल्ट लावावेत. दार दोन-चार वेळा उघडून-लावून फट तीच राहिली, तरच उरलेली छिद्रे पाडून रिव्हेट मारावेत. शॉकर सर्वांत शेवटी जोडावेत, कारण त्यांच्या दाबाखाली फट तपासता येत नाही.